इंटरव्हलला उठणाऱ्या बायका

आमच्या टॉकीजला बायकांसाठी वेगळं दार होतं आणि त्या दारावर मी होते. खिडकीतून तिकीट मीच द्यायचे, दोन पावलं सरकून तेच तिकीट मीच फाडायचे आणि अंधार झाला की बॅटरी घेऊन जागाही मीच दाखवायचे. पुढच्या बाजूला, पुरुषांकडे, या कामांना वेगवेगळी माणसं होती. बायकांकडे एक पुरते असं कुणीतरी फार पूर्वी ठरवलेलं होतं, आणि ते खरंही होतं.

टॉकीज माधवनगरला. गिरण्यांचे दिवस तोपर्यंत सरले होते, गल्ल्यांमधून यंत्रमागांचा खडखडाट चालायचा. घरोघरी केबल आली होती, पण टीव्हीचा रिमोट बाईच्या हातात असेलच असं नाही. मी तिथं लागले ती काही सिनेमाच्या आवडीनं नव्हे. लग्नाआधी मी पाहिलेले सिनेमे म्हणजे औंधच्या जत्रेतल्या तंबूतले, तेही निम्मे झोपेत. नवरा टेम्पो चालवायचा, मुली शाळेत जायच्या, दुपार मोकळी होती, आणि दारावरच्या आधीच्या आजींचे गुडघे गेल्यामुळे जागा रिकामी झाली होती. घरापासून चालत जाता येईल अशी ती एकच नोकरी होती. मुलींची शाळा, वह्या, गणवेश हे सगळं हळूहळू तिच्यावरच भागायला लागलं.

बायकांची बाजू म्हणजे हॉलच्या डाव्या अंगाचा एक पट्टा. मध्ये डोक्याएवढी उंच भिंत, पलीकडे पुरुष. पडदा दोघांनाही एकच, पण आमच्याकडून तो जरा तिरका दिसायचा, त्यामुळे पडद्यावरची सगळी माणसं थोडी सडपातळ वाटायची. पुरुषानं आत पाय ठेवायचा नाही असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. तरी मॅनेजरसुद्धा दाराबाहेर उभा राहून मला हाक मारायचा, आणि पंखा बिघडला तर वायरमन खेळ नसताना यायचा. दार उघडायचं ते बाजूच्या बोळात. म्हणजे पुढच्या चौकातून, चारचौघांच्या नजरेसमोरून कुणाला यावं लागायचं नाही. एकट्यादुकट्या बाईला सिनेमाला यायला एवढं पुरेसं असतं. अडचण एकच होती. बोळाच्या तोंडाशी चहाची टपरी होती आणि इंटरव्हलला सगळे पुरुष तिथं जमायचे.

दर शुक्रवारी नवा सिनेमा लागायचा. शुक्रवारच्या तीनच्या खेळाला यंत्रमागवाल्यांच्या गल्ल्यांमधल्या बायका घोळक्यानं यायच्या. डोक्यावर पदर, काखेत पोर, पिशवीत भडंगाची पुडी. हिंदू बायका असायच्या, मुसलमान बायका असायच्या, रांगेत एकमेकींना लागून बसायच्या आणि पडद्यावरच्या माणसांना मोठ्यानं सल्ले द्यायच्या. सगळ्या अगदी रंगात आलेल्या असायच्या. आणि इंटरव्हलचे दिवे लागले की सगळ्या एकदम उठायच्या. चहाला नाही, मोरीला नाही, सरळ बाहेर. चपला अडकवत बोळातून जवळजवळ पळत सुटायच्या आणि परत यायच्या नाहीत.

मला हे कळेना. पूर्ण तिकीट काढायचं, निम्मा सिनेमा बघायचा, आणि तो चांगला रंगलेला असताना निघून जायचं. वाईट सिनेमाला उठल्या असत्या तर समजलं असतं. त्या वाईटालाही उठायच्या आणि चांगल्यालाही.

मागं उरायची ती फक्त चाची. चाची म्हणजे बांगड्या विकणारी, साठीच्या आसपासची मुसलमान बाई. तिला सगळं गाव चाचीच म्हणायचं. पायाशी बांगड्यांची टोपली ठेवून ती शेवटपर्यंत बसायची आणि शेवट झाला की न बोलता निघून जायची. सिनेमा कसा वाटला असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, अजून ठरवलं न्हाई. हे उत्तर मी बरेच दिवस डोक्यात घोळवत होते.

त्यातच एक तक्रार आली. त्याच गल्ल्यांमधली एक नवी नवरी रविवारी नवऱ्याबरोबर पुढच्या दारानं आली होती आणि तिनं सिनेमा पूर्ण पाहिला होता. पुढच्या खेपेला ती माझ्या खिडकीशी आली आणि म्हणाली की तुमच्याकडे शेवट चुकीचा लावलाय. मी विचारलं, चुकीचा म्हणजे काय. तर म्हणाली, त्या बाईनं शेवटी नवऱ्याला घराबाहेर काढायचं आणि मिरजेला दुकान टाकायचं असतं, आणि तुम्ही दाखवलं की ती त्याच्या पाया पडली. मी तिला सांगितलं की सिनेमा सगळीकडे एकच असतो. तिला पटलं नाही. ती इतक्या खात्रीनं बोलत होती की मी जिना चढून वर केबिनमध्ये गेले आणि ऑपरेटरमामांना विचारलं, शेवटचं रीळ दुसऱ्याच कुठल्या सिनेमाचं तर आलं नाही ना. मामांनी माझ्याकडे बघितलं, मग मुकाट्यानं डब्यांवरची सगळी लेबलं तपासली, आणि त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

असं सगळं चाललेलं असताना मॅनेजरनं मला एका शनिवारी दाराबाहेर बोलावलं. तो मालकाचा भाचा. माझ्या नवऱ्याबरोबर लहानपणी कबड्डी खेळलेला, म्हणून मला वहिनी म्हणायचा. त्यानं आढेवेढे न घेता सांगितलं की मधली भिंत पाडायची आहे. बायकांची बाजू बंद, बोळातलं दार विटांनी बुजवायचं, ज्यांना यायचं त्यांनी घरच्यांबरोबर पुढून यावं. दार नाही म्हणजे दारावर बाई नको, हे त्यानं बोलून दाखवलं नाही, पण मला तेवढं कळत होतं.

मी कारण विचारलं. मला वाटलं होतं, खर्च म्हणेल. तो म्हणाला, "वहिनी, शुक्रवारी तुमच्या बाया उठतात आन माझा पिक्चर पडतो."

मग त्यानं समजावून सांगितलं. शुक्रवारी इंटरव्हलला पुरुष टपरीवर उभे असतात. समोरून बायकांचा अख्खा घोळका पळत बाहेर पडतो. टपरीवर लगेच चर्चा, बाया उठल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या यंत्रमागांवर बातमी, बाया इंटरव्हललाच उठल्या, म्हणजे पिक्चरमध्ये दम नाही. सहाच्या खेळाला येणारी माणसं आधी टपरीवर चौकशी करतात, बाया उठल्या का, आणि मग तिकीट काढतात किंवा परत जातात. गंमत अशी की ही बातमी सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांनी तोच सिनेमा तीनला स्वतः बसून पाहिलेला असायचा आणि त्यांना तो आवडलेलाही असायचा. पण बायका उठल्या म्हटल्यावर आपलंच काहीतरी चुकलं असेल असं त्यांना वाटायचं.

मी त्याला म्हटलं, त्या का उठतात ते मी शोधून काढते, तोवर गवंड्याला थांबव. तो तयार झाला. त्यालाही भिंत पाडायची हौस नव्हती.

पुढच्या शुक्रवारी मी आधी सरळ विचारून पाहिलं. एकीचं डोकं दुखत होतं, एकीचं पोर किरकिरत होतं, एकीला धुरळ्याचा त्रास होत होता. सगळ्या माझी नजर चुकवत होत्या. मग इंटरव्हलला त्या निघाल्या तशी मी दाराला कडी घातली आणि त्यांच्या मागं गेले. नोकरीच्या वेळेत दार सोडायचं नसतं, पण दारच राहणार नव्हतं, मग म्हटलं जाऊ दे.

दोन गल्ल्या ओलांडून त्या नळकोंडाळ्यापाशी पोचल्या. मी कोपऱ्यावर थांबले. तिथं नळापासून थेट वळणापर्यंत भांड्यांची रांग लागलेली होती. हंडे, कळशा, प्लॅस्टिकच्या घागरी, तेलाचे रिकामे डबे. आणि एकाही भांड्याजवळ माणूस नव्हतं. बायका आल्या आणि प्रत्येक जण आपापल्या भांड्याशेजारी अशी उभी राहिली की जणू दुपारपासून तिथंच होती. थोड्या वेळानं नळ गुरगुरला, आधी हवा आली, मग पाणी आलं.

मी माणची आहे. दहिवडीच्या त्या बाजूला उन्हाळ्यात टँकरची वाट बघत मी लहानपणी किती दुपारी काढल्या त्याला गणती नाही. आमच्याकडे हंड्याजवळ बाई नसली तर हंडा मागं सरकतो, आणि मग त्याच्यावरून झिंज्या ओढण्यापर्यंत जातं. इथं एवढी रांग बेवारस उभी होती आणि एकही हंडा हललेला नव्हता. हे कसं काय, हा प्रश्न मला तिथंच पडला होता. पण मी पाणी बघितलं आणि उत्तर सापडलं असं समजून परत फिरले. आमच्या घरी बोअरचं पाणी होतं. त्या गल्ल्यांमध्ये साडेचारला पाणी येतं हे मला ठाऊकच नव्हतं.

मॅनेजरला मी सांगितलं की बायका पाण्यासाठी उठतात, सिनेमाशी त्याचा संबंध नाही. खेळ साडेबाराला सुरू कर, पाण्याच्या आधी सुटेल, सगळ्या शेवटपर्यंत बसतील. त्याला हे एकदम पटलं. फळ्यावर खडूनं नवी वेळ लिहिली गेली, मी स्वतः दोन गल्ल्यांमध्ये सांगून आले. बायकांनी ऐकून घेतलं. ते गप्प राहणं माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्या शुक्रवारी साडेबाराच्या खेळाला आमच्या बाजूला दोन बायका आल्या, त्याही मिरजेहून कुणाकडे पाहुण्या आलेल्या. चाचीसुद्धा आली नाही. रिकाम्या खुर्च्यांवर पंखे फिरत होते आणि मी बॅटरी हातात घेऊन उगाच उभी होते. मॅनेजर दाराबाहेर आला आणि म्हणाला, "आता उठायला बी कोण न्हाई, वहिनी." त्याचा आवाज चिडका नव्हता, हे मला जास्त लागलं. पुढचा शुक्रवार झाला की सोमवारी गवंडी येणार, एवढं सांगून तो गेला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारी मी शेजारणीला तासभर दारावर उभी केली आणि नळावर गेले. या वेळी भांड्यांजवळ बायका होत्या. पण रांगेत नव्हत्या. पिंपळाच्या पारावर चाची बसली होती आणि सगळ्या तिच्याभोवती जमिनीवर. मला बघून बोलणं थांबलं. एकीनं सरकून जागा दिली, पण माझ्याकडे न बघता.

चाची म्हणाली, "आवं बाई, तुमी आमचं पाणी सांभाळाया गेला आन आमचा शिनेमा घालवला."

मी म्हटलं, घालवला कसा, पूर्ण बघून पाण्याच्या आत परत येता आलं असतं. त्यावर एक पोरसवदा बाई, जी नेहमी पहिल्या रांगेत बसायची, मला समजावून सांगायला लागली. लहान मुलाला सांगावं तसं. साडेबाराला घरातून काय सांगून निघायचं, असं तिनं मला विचारलं. "तीनला निघाया कारण असतंय," ती म्हणाली. "नळावर नंबर लावाया जाते म्हणलं की सासूच म्हणती, बिगीनं जा, न्हाईतर मागं पडशील."

सगळ्या हसल्या. मग मला एकेक गोष्ट कळत गेली. तीनच्या आधी भांडी रांगेत लावायची. घरच्यांच्या लेखी बाई पाण्याला गेली. भांडं रांगेत, बाई टॉकीजमध्ये. पाण्याच्या वेळी परत, आणि भरलेला हंडा घेऊन घरात शिरलं की दीड तास कुठं होतीस असं कुणी विचारत नाही. हंडाच सगळं सांगतो. मी आपली समजत होते की पाणी त्यांना सिनेमातून ओढून नेतं. ते पाणीच त्यांना सिनेमाला आणत होतं. साडेबाराच्या खेळात मी त्यांचं कारणच काढून घेतलं होतं.

मग मी हंड्यांचं विचारलं. कुणी जवळ नसताना रांग मोडत कशी नाही, आमच्या माणात तर अशक्य. चाचीला हा प्रश्न आवडलेला दिसला.

"हलवील कोण? जिनं दुसरीचा हंडा हलवला तिला मी शेवट सांगत न्हाई."

तर हे असं होतं. चाचीला घराबाहेर पडायला कारण लागत नव्हतं, तिचा धंदाच दारोदार फिरायचा. म्हणून शुक्रवारी ती एकटी शेवटपर्यंत बसायची आणि शनिवारी पाणी येईपर्यंत उरलेला सिनेमा पारावर सांगायची. कालच्या खेळाला कुणी गेलंच नव्हतं, त्यामुळे सांगायलाही काही नव्हतं. बायका तरी सवयीनं लवकर येऊन बसल्या होत्या आणि चाची त्यांना एक जुनाच सिनेमा परत सांगत होती.

मला ती नवरी आठवली, मिरजेचं दुकान आठवलं. मी विचारलं, तुम्ही शेवट बदलता का. चाची म्हणाली, सगळा नाही, लागेल तेवढाच. लागेल म्हणजे कधी, असं मी विचारलं तेव्हा तिनं हनुवटीनं पलीकडे खूण केली. कडेला एक बाई आपल्या हंड्याचं तोंड पदरानं पुसत बसली होती. चाची आवाज न दाबता म्हणाली, "हिचा दाल्ला दुसरीसंगं ऱ्हातो. हिच्यापुढं मी सांगू व्हय, की बाई त्याच्या पाया पडली आन सगळं ग्वाड झालं?" ती बाई हसली आणि म्हणाली, मिरजेचं दुकान लय भारी होतं.

मी मग भिंतीचं सांगितलं. हातचं काही न राखता, माझ्या नोकरीसकट. चौकातून, पुढच्या दारानं, टपरीसमोरून आत शिरायचं त्यांच्यापैकी कुणाला जमणार नव्हतं, आणि हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. पण दार का बुजणार याचं कारण सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. आपण उठल्यामुळे सिनेमा पडतो, सबंध माधवनगरचे पुरुष आपल्या उठण्याकडे डोळे लावून बसतात, हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं. एक जण म्हणाली, हे आधी कळायला हवं होतं, तो मिशीवाला हिरो तिला कधीच आवडला नव्हता. बराच वेळ त्यावरच हसणं चाललं.

परत जाताना मी विचार करत होते. त्यांनी उठणं ही अडचण नव्हतीच. उठताना दिसणं ही अडचण होती. दिवे लागायच्या आधी, पुरुष अजून आत असताना, त्या बोळातून निघून गेल्या तर टपरीवर बघायला कोण असणार? पण मग इंटरव्हल येतोय हे आधी कळायला हवं.

मी परत केबिनमध्ये गेले. लेबलांचं प्रकरण मामा विसरले नव्हते. तरी त्यांनी ऐकून घेतलं आणि मला छोट्या खिडकीतून पडद्याकडे बघायला सांगितलं. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात नजर ठेवा, म्हणाले. बराच वेळ काही दिसलं नाही. मग एक काळपट ठिपका आला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गेला. मामांनी दुसरं मशीन चालू केलं. प्रत्येक रीळ संपताना तो ठिपका येतो, म्हणाले, ऑपरेटरनं रीळ बदलावं म्हणून. कंपनीच तो मारून पाठवते. हॉलमध्ये एवढी माणसं बसतात, सगळ्यांच्या समोर येतो, पण कधी कुणाला दिसला नाही.

एकदा दिसल्यावर मला दुसरं काही दिसेनासं झालं. आठवडाभर मी सिनेमा सोडून ठिपकेच बघत होते. इंटरव्हलच्या आधी शेवटचं रीळ सुरू होतं तेव्हाचा ठिपका कितवा, हे मामांनी मला दर सिनेमाला सांगायचं कबूल केलं. त्या ठिपक्यापासून दिवे लागेपर्यंत एक रीळभर, म्हणजे दहाएक मिनिटं वेळ. एवढा वेळ लागणारच होता, कारण भर दुपारी दार उघडलं की उन्हाची तिरीप थेट भिंतीपलीकडे जायची. म्हणून मी दाराला आतून एक पडदा होता त्याच्या पुढं दुसरा टांगला. दोघी-दोघींनी पहिल्या पडद्याआड यायचं, तो पडला की मी दार उघडणार.

मॅनेजरला मी एवढंच सांगितलं की शुक्रवारी खेळ पुन्हा तीनला लाव. त्या दिवशी टपरीवर कुणी बाया उठल्या म्हणालं, तर सोमवारी गवंडी बोलाव, मी स्वतः त्याला चहा देईन. तुम्ही करणार काय आहात, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, ते आतलं आहे. आतलं म्हटल्यावर तो पुढं विचारू शकत नव्हता.

शुक्रवारी सगळ्या आल्या. मी आधीच सांगून ठेवलं होतं की बॅटरी खाली धरून रांगेपाशी आले की त्या रांगेनं उठायचं. सिनेमा भलताच चांगला निघाला, हीच पंचाईत. मामांनी सांगितलेला ठिपका आला तेव्हा नायिका विहिरीच्या काठावर उभी होती आणि मागून कुणाचे तरी पाय येताना दिसत होते. मी पहिल्या रांगेपाशी बॅटरी धरली. कुणी हलेना. मी पोरसवदा बाईच्या खांद्याला हात लावला, तेव्हा ती पडद्यावरची नजर न काढता उठली आणि उलट्या पावली, माझ्या हाताला धरून, पडद्यापर्यंत गेली. तिच्या मागून बाकीच्या. भिंतीपलीकडून शिट्ट्या येत होत्या, तेवढ्या आवाजात चपलांचा आवाज बुडून गेला. बोळात ऊन रखरखत होतं आणि टपरीवाला एकटाच पाठमोरा बसून कप विसळत होता.

शेवटची जोडी गेली, मी दार लावलं आणि दिवे लागले. आत चाची आणि तिची टोपली.

मी बाहेर येऊन दारासमोर स्टूल टाकून बसले. पुरुष टपरीवर जमले. ते सवयीनं बोळाकडे बघत होते, परत चहाकडे वळत होते, परत बघत होते. मॅनेजर बोळाच्या तोंडाशी उभा होता. शेवटी यंत्रमागावरचा एक जण ग्लास हातात घेऊन माझ्यापर्यंत आला.

"काय वहिनी, आज बाया उठल्या न्हाईत?"

"बसल्यात."

"सगळ्या?"

"आत जाऊन मोजताय का?"

तो दोन पावलं मागं सरकला आणि टपरीवर गेला. तिथं थोडं बोलणं झालं. मग मॅनेजर आला, दारापासून हातभर अंतर ठेवून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, खरंच बसल्यात का. मी म्हटलं, चाची बसलीय, हाक मारू? तो पुढच्या दाराकडे निघून गेला. सहाच्या खेळाला रांग चौकापर्यंत गेली होती. सोमवारी गवंडी आला नाही, त्यानंतरच्या सोमवारीही नाही, आणि भिंतीचा विषय परत कुणी काढला नाही.

त्या दिवशी सिनेमा सुटल्यावर चाची बाहेर आली ती मात्र रागात. मला वाटलं, शेवट वाईट असेल. तसं नव्हतं. आता इंटरव्हलच्या आधीचं अख्खं रीळ तिच्या अंगावर पडलं होतं, तेही सांगावं लागणार. आणि तेच तिनं पाहिलं नव्हतं, कारण ठिपका आल्यापासून दिवे लागेपर्यंत बायका तिच्या समोरून दोघी-दोघी जात होत्या. विहिरीवर कोण आलं, ढकललं की वाचवलं, तिनं मला विचारलं. मी तर पडदे धरून उभी होते. आमच्या बाजूच्या एकीनंही ते रीळ पाहिलेलं नव्हतं.

म्हणून सहाच्या खेळाला, दारावर फारसं कुणी नव्हतं तेव्हा, मी आत जाऊन बसले आणि तेवढं रीळ पाहिलं. इतक्या दिवसांत तिथल्या खुर्चीत मी पहिल्यांदाच बसले होते. शनिवारी पारावर जाऊन जे पाहिलं ते सांगितलं. पाय दिराचे होते, तो बादली घ्यायला आला होता, दोघं काही बोलले, ती घरी गेली, मग इंटरव्हल. बायका माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. बादली, असं एक जण म्हणाली. चाचीनं मला गप्प बसवलं आणि विहिरीपासून परत सुरुवात केली. तिच्या सांगण्यात बादली नव्हती.

पुढच्या शुक्रवारपासून मी चाचीला भिंतीकडची खुर्ची दिली. तिथून समोरून कुणी जात नाही.